अठ्ठेचाळीस किलोच्या आत

४ जानेवारी

साखर कारखान्याने सभासदांना डायऱ्या वाटल्या. मागच्या वर्षीची अजून कोरीच पडून आहे, पण या वर्षी लिहायचं ठरवलंय. फौजेत चोवीस वर्षं रोजचा रिपोर्ट दिला, आता घरचा देऊन बघू.

आज सकाळी आमच्या पोरीचं, क्रांतीचं, वजन ५१.२००. दोन फेब्रुवारीला सांगलीत, विश्रामबागला, राज्याच्या जुडो संघाची निवड चाचणी आहे. आपला गट अठ्ठेचाळीस किलोचा. एकोणतीस दिवसांत तीन किलो दोनशे ग्रॅम उतरवायचे. अवघड आहे, पण लढाई सोपी कधी असते?

लाल वहीतला तक्ता पुन्हा काढून बघितला. सायोको मिझुहारा. जपान. सगळी कारकीर्द अठ्ठेचाळीस किलोत. तेराव्या वर्षी जिल्हा, सोळाव्या वर्षी शाळांमध्ये दुसरी, एकोणिसाव्या वर्षी राष्ट्रीय विजेती, एकविसाव्या आणि बाविसाव्या वर्षी जगज्जेती. तिच्या नावाशेजारच्या रकान्यात क्रांतीचं नाव. तेराव्या वर्षी जिल्हा, बरोबर. सोळाव्या वर्षी शालेय राज्य स्पर्धेत रौप्य, तेही बरोबर. एकोणिसाचा रकाना रिकामा आहे, आणि अठरा मार्चला पोरगी वीस वर्षांची होईल. तक्ता बाविसाशी संपतो. पुढचं मी शोधलं नाही. दोनदा जग जिंकल्यावर बाईने पुढे काय केलं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?

क्रांतीला तक्ता दाखवला. म्हणाली, "बघितलाय आबा. पाठ हाय."

९ जानेवारी

५०.७००. अंकिता मॅडमचा फोन आला. विश्रामबागच्या हॉलमध्ये क्रांतीला जुडो त्याच शिकवतात. बाई हुशार आहेत, पण वयाने लहान. म्हणाल्या, "काका, तिला बावन्न किलोत खेळवू या. हाडापेराने ती आता बावन्नचीच आहे. जेवू दे तिला, ताकद येईल. वर्षभरात बघा."

मी म्हणालो, "मॅडम, वरच्या गटात गेलेला माणूस मी रोज आरशात बघतो."

त्यांना कळलं नाही. कळणार कसं? पंच्याण्णव आणि शहाण्णव, सेनादलाच्या जुडो स्पर्धेत मी साठ किलोत दोन वर्षं पहिला होतो. तिसऱ्या वर्षी उस्ताद म्हणाले, हंबीरराव, जरा भरलायस, पासष्टला खेळ. मी खेळलो. पंजाबच्या एका जवानाने चाळीस सेकंदांत मला पाठीवर आपटलं. पुन्हा मला कुणी बोलावलं नाही. वीस वर्षं लोकांना सॅल्यूट ठोकले आणि मनात ती चाळीस सेकंदं मोजत राहिलो. ही चूक मी माझ्या पोरीच्या बाबतीत होऊ देणार नाही.

फोन ठेवल्यावर बघितलं तर क्रांती दारात उभी. सगळं ऐकलं असावं. म्हशीला वैरण टाकायला गेली. गुणाची आहे. उलटून बोलत नाही, हट्ट करत नाही.

१४ जानेवारी

५०.३००. कालच्या भोगीला अर्धी भाकरी आणि वाटीभर भाजी दिली. सुला, माझी बायको, रुसून बसली. आज संक्रांत. सणासुदीला पोरीच्या ताटात उकडलेला दुधी वाढायचा म्हणजे तिच्या जिवावर येतं.

"आवं, एक पोळी तरी खाऊ द्या की. तिळगुळाची हाय. वरीसभर पोरगी वाट बघती."

"दोन तारखेनंतर दहा खा म्हणावं."

संध्याकाळी दोघी गल्लीत हळदीकुंकवाला गेल्या. येताना क्रांतीच्या ओंजळीत दहाबारा लाडू. एकही तोंडात टाकला नव्हता. खोलीत जाऊन स्टीलच्या डब्यात भरून ठेवले आणि डबा खेळाच्या पिशवीत. मी बघत होतो हे तिला ठाऊक नव्हतं. समोर गोड असताना हात आवरायचा, हे फौजेत जवानाला शिकवायला सहा महिने जातात. माझी छाती फुगली. तक्त्याखाली लिहिलं: निग्रह, पूर्ण गुण.

१७ जानेवारी

४९.९००. पन्नासच्या आत आलो.

सुलाने आज दुपारी मला गोठ्यात गाठलं. बोलायला लाजत होती. पोरीला महिन्याची अडचण सप्टेंबरपासून आलेली नाही. केसही जातात, न्हाणीच्या जाळीत पुंजके अडकतात. "डॉक्टरला दावू या," म्हणाली.

मी म्हणालो, चाचणी झाली की दाखवू. खेळणाऱ्या मुलींचं असं होतं, मी वाचलंय. खरं तर वाचलं नाही, कुणाकडून तरी ऐकलंय. पण बायकांच्या या गोष्टीत मी काय बोलणार? शिवाय ऐन चाचणीला ती कटकट नाही हे एका परीने बरंच.

हे लिहिलं आणि आता वाचून बरं वाटत नाहीये. खोडणार नाही. रिपोर्टमध्ये खाडाखोड चालत नाही.

२१ जानेवारी

वजन अडलं. तीन दिवस ४९.६०० वर काटा खिळल्यासारखा. पोटात जाणारं आणखी काय कमी करू? आता फक्त पाणीच उरलंय, ते घामातून काढायचं. शहरातल्या पोरींना वाफेच्या खोल्या असतात. आपल्याकडे काय? विचार करत वर्धमानच्या गुऱ्हाळावरून जात होतो आणि तिथेच उत्तर सापडलं.

वर्धमान आमचा बांधालगतचा शेतकरी, जैन, लहानपणापासूनचा दोस्त. त्याचं गुऱ्हाळ मार्चपर्यंत चालतं. काहिलीत रस उकळत असतो आणि खाली चुलाणात चिपाडं ढकलत राहतात. त्या चुलाणाच्या तोंडाशी माणूस पाच मिनिटांत भिजतो. क्रांतीला दोन स्वेटर, वर माझा फौजेतला रेनकोट चढवला आणि तासभर बसवलं. गुळव्या, म्हणजे काहिलीवरचा म्हातारा, तोंडाचा आ करून बघत होता.

तासात ५०० ग्रॅम. एवढं सोपं होतं आणि मी कुठे कुठे शोधत होतो!

२३ जानेवारी

४९.०००. आज वाईट झालं.

क्रांती चुलाणापाशी बसली होती आणि मी बांधावर मोबाईलवर मिझुहाराची जुनी कुस्ती बघत होतो. वर्धमानची बायको पद्मावती वहिनी गुऱ्हाळात आली. परत आलो तर वहिनीच्या हातात वाटी, वाटीत ऊन ऊन काकवी, आणि क्रांती वाटीकडे बघतेय. नुसती बघतेय. ओठाला लावली नव्हती. मी वाटी घेतली आणि चिपाडात ओतली.

वहिनी एकदम तापली. "आवं भाऊजी, पोर हाय का वाळका पाचोळा? गुळाच्या वासात उपाशी बसवताय तिला, कळतंय का? आमच्यात बी उपास करत्यात, पण मनानं करत्यात. धरून बसवत न्हाईत कुणाला."

"वहिनी, तुमाला ह्यातलं कळणार न्हाई."

"मग तिला इचारा की. कवा इचारलंय का?"

मी क्रांतीकडे वळून विचारलं, "काय गं, बसायचंय का उठायचंय?"

ती म्हणाली, "बसते आबा."

झालं ना मग? विचारलं, तिने सांगितलं. तरी रस्ताभर वहिनीचं बोलणं डोक्यात घुमत राहिलं. क्रांती माझ्या मागून चालत होती. हाताला काकवी लागली होती ती मी धोतराला पुसली. तिने ते बघितलं असेल का, कोण जाणे.

२६ जानेवारी

४८.८००. शाळेत झेंडावंदनाला माजी सैनिक म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलं. पोरांना जिलेबी वाटली. क्रांतीने तिची जिलेबी शेजारच्या मुलीला दिली, ती खाऊन होईपर्यंत तिच्याकडे बघत बसली.

घरी आल्यावर स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी. हातात मोबाईल.

"आबा, मिझुहाराचं पुढचं बघितलंय का तुमी?"

"पुढचं म्हणजे?"

"बावीस वर्साच्या पुढचं. तिची मुलाखत हाय. खाली इंग्लिशमदी लिवून येतंय."

बघितलं. दोनेक मिनिटं. मिझुहाराच म्हणे, पण मी ओळखली नसती. गाल भरलेले, अंगावर एप्रन, कुठल्याशा गावात पावाचं दुकान चालवते. कणकेचा गोळा आपटताना हात मात्र तेच. माझा जीवच विटला. एवढी जगज्जेती आणि पाव भाजते?

"बंद कर ते," मी म्हणालो. "पडत्या काळातलं बघून चढता येत न्हाई."

"पडता काळ न्हाई आबा. ऐका तरी ती काय म्हनतीय."

"दोन तारखेनंतर ऐकू."

ती उठली. जाताना म्हणाली, "तक्त्यात एक रकाना ऱ्हायलाय, तेवढा भरून घ्या." मला वाटलं, एकोणिसाव्या वर्षाच्या रकान्याबद्दल बोलतेय. म्हणालो, "तू भर की. त्यासाठीच तर चाललंय सगळं."

२८ जानेवारी



दुपारी गुऱ्हाळात क्रांती उठून उभी राहिली आणि कोसळली. चक्कर. आडवी झाली ती काहिलीच्या बाजूला. उकळता गूळ. वीतभर अंतर. गुळव्याने रेनकोटाला धरून मागे ओढली नसती तर पुढचं लिहायला मी इथे बसलो नसतो. वर्धमानने पाणी मारलं. वहिनी पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली.

वर्धमान बाजूला घेऊन म्हणाला, "हंबीर, गड्या, उद्यापासनं हितं आणू नको तिला. मला झोप लागायची न्हाई."

मी भ्यालो. कारगिलच्या वेळी भ्यालो नव्हतो एवढा भ्यालो. वाटलं, अंकिता मॅडमना फोन करावा, बावन्न तर बावन्न. फोन हातात घेतलाही. मग वाटलं, फक्त पाच दिवस राहिलेत. एवढं सोसलं पोरीने, ते मातीत घालायचं?

आणि एक गोष्ट लिहायची नव्हती, लिहितो. घरी आणल्यावर सुला तिला अंथरुणावर निजवायला निघाली, तर मी म्हणालो, थांब. आधी काट्यावर उभी केली. ४८.५००. सुलाने माझ्याकडे जसं बघितलं तसं लग्नानंतर सव्वीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

३० जानेवारी

४८.४००. गुऱ्हाळ बंद. पत्र्याच्या खोलीत दुपारच्या उन्हात दोरीवरच्या उड्या. सुला माझ्याशी बोलत नाही. ताट आदळून जाते.

मी बसून विचार करत होतो की मला हे का हवंय. पोरीचं नाव व्हावं म्हणून, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. ती मॅटवर उभी राहते तेव्हा ती चाळीस सेकंदं माझ्या छातीवरून उतरतात. चाचणी हरली तर ती कायमची तिथेच बसतील. मग मी काय करू? पंचावन्न वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, वैरण कापत बसू? मला फार अंधारल्यासारखं वाटतं.

१ फेब्रुवारी

४८.२००. रात्रभरात तीनशे तरी उतरतील. जमलं!

क्रांती आज एकदम मोकळी वाटली. सुलाच्या वेणीला तेल लावून दिलं. म्हशीच्या कपाळावरून हात फिरवला. वाईला सुलाची थोरली बहीण असते, रंगुबाई, तिचा नंबर आईकडून मागून घेतला. चाचणी झाल्यावर मावशीला सांगायचं असेल. पिशवी स्वतः भरली, चांगली गच्च. दोन गी, म्हणजे जुडोचे पोशाख, टॉवेल, कपड्याचे तीन जोड. म्हटलं, एवढे कपडे कशाला? म्हणाली, असू द्यात.

मोठ्या कुस्तीच्या आधी खरा खेळाडू असा शांत होतो. मी लाल वही उशाला घेतली आहे. उद्या संध्याकाळी एकोणिसाचा रकाना भरायचा.

२ फेब्रुवारी

सांगलीहून परत आलोय. दुपारचे तीन. सुला विचारतेय, आणि मला तिला सांगता येत नाहीये. म्हणून इथे लिहितो, झालं तसं.

पहाटे पाचला काटा ४७.८५०. मी काट्याला हात जोडले. मोटारसायकलवर निघालो. थंडी होती. आष्टा मागे पडल्यावर क्रांतीने डोकं माझ्या पाठीला टेकवलं. लहान असताना शाळेत सोडायला जायचो तेव्हा टेकवायची. मला भरून आलं. हळू चालवली. वाटेत पंपावर थांबलो तेव्हा ती नळाकडे गेली. चूळ भरायची असेल म्हणून मी काही बोललो नाही. पुन्हा बसली, पुन्हा डोकं पाठीला. मी मनात मारुतीचं नाव घेत होतो.

हॉलवर सातला वजनं सुरू झाली. मुलींची खोली आत, मी बाहेर. अंकिता मॅडम आल्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस चारशे."

"शक्य न्हाई. काटा चुकीचा हाय तुमचा."

"काटा बरोबर आहे काका. तासभर वेळ आहे, मग एकदा परत घेतील."

क्रांती बाहेर पायरीवर येऊन बसली. मी म्हणालो, "ऊठ. पळ. मैदानाला फेऱ्या मार, थुंकत राहा, तासात चारशे जात्यात. गरज पडली तर केस कापू." ती उठली नाही. पिशवी उघडून तिने स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरला. डबा जवळजवळ रिकामा. तळाला तीळ आणि एकच लाडू.

"येताना खाल्लं आबा," ती म्हणाली. "तुमच्या मागं बसून. समदं. एकोणीस दिस साठवलं हुतं. पाणी बी प्याले पोटभर."

मी काय बोललो आठवत नाही. माझा हात उठला. खोटं कशाला लिहू? आजवर तिच्यावर कधी उठला नव्हता, आज उठला, लोकांदेखत. ती मागे सरकली नाही. तिने माझं मनगट धरलं, मॅटवर गीची बाही धरतात तसं, अंगठा आतून. मी शिकवलेली पकड. हात सावकाश खाली आणला, उताणा केला, आणि तळहातावर तो लाडू ठेवला.

"तिळगूळ घ्या, आबा."

मी वाट बघत होतो. यापुढे काय म्हणतात ते पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. ती पुढचं म्हणाली नाही.

पिशवी खांद्याला लावली. अंकिता मॅडम तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेल्या. सातारची गाडी, तिथून वाई. कपड्याचे तीन जोड कशाला घेतले होते ते आत्ता कळतंय. मी पायरीवर बसून राहिलो. आत अठ्ठेचाळीस किलोच्या मुलींची नावं पुकारत होते. क्रांतीचं दोनदा पुकारलं, मग पुढचं नाव घेतलं.

३ फेब्रुवारी

सकाळी सवयीने पाचला उठून काट्यावरची धूळ पुसली. मग लक्षात आलं.

ती मुलाखत शोधून काढली आणि पूर्ण बघितली. इंग्रजी हळूहळू लागतं मला, थांबवून थांबवून बघितली. मिझुहाराला विचारतात, तुम्ही का सोडलंत? ती म्हणते, मी हरले नाही, जखमीही झाले नाही. बावीस वर्षांची होते. तिसऱ्यांदा जग जिंकायला निघाले होते. विमानतळावर वडील तिकिटं काढायला पुढे गेले, आणि मी भाजलेल्या पावाच्या वासामागे चालत गेले. परत फिरले नाही. विचारतात, वडील काय म्हणाले? ती हसते आणि पीठ मळायला लागते. वडिलांचं पुढे काही सांगत नाही.

तीनदा बघितली. तो माणूस तिकिटं घेऊन किती वेळ उभा राहिला असेल?

लाल वही काढली. मिझुहाराच्या रकान्यात लिहिलं: वय बावीस, वजनाला हजर राहिली नाही. शेजारी क्रांतीच्या रकान्यात: वय एकोणीस, हजर राहिली. पोरीने तक्ता मोडलेला नाही. तीन वर्षं आधीच पुरा केला, आणि पळून न जाता, माझ्या तोंडावर. हे मला आधी कळायला काय हरकत होती? ती तर सांगत होती.

४ फेब्रुवारी

आज रथसप्तमी. सुलाने अंगणात शेणीवर दूध उतू घातलं. आजच्यानंतर तिळगूळ देत नाहीत, संक्रांतीचं आज सगळं संपतं. लाडू माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. खाववत नाही, टाकवत नाही.

सुला दोन दिवस वाईला बोलतेय. आज मला वाढताना आपणहून म्हणाली, "काल तिनं आमटी भात खाल्ला. दोनदा घेतला म्हनं." मग पदर तोंडाला लावून आत गेली. मला बोलायचंय का असं विचारलं नाही. मीच म्हणालो, लावून दे.

लावून देईपर्यंत मी मनात घोकून ठेवलं. फार काही नाही. जेवलीस का, एवढंच विचारायचं. तिने 'व्हय' म्हटलं की म्हणायचं, चांगलं केलंस. मग जमलं तर म्हणायचं, माझं चुकलं. उन्हात उभं राहून तीन वेळा मोठ्याने म्हणून बघितलं. जेवलीस का. जेवलीस का. जेवलीस का.

रंगुबाईने फोन तिच्याकडे दिला. तिचा श्वास ऐकू आला. "आबा," म्हणाली. आवाज चांगला होता, जड नव्हता, पोटात दोन घास गेलेल्या माणसाचा होता. मला एकदम बरं वाटलं. तोंड उघडलं.

"वजन किती भरलं गं आज?" मी विचारलं.

पलीकडे तिने फोन खाली ठेवला, आपटला नाही, हळूच ठेवला. सुला दारात उभी होती. तिने ऐकलं होतं.

पुन्हा लावला, कुणी उचलला नाही.